संदर्भोल्लेख-मापन (जैववैद्यकीय)

संशोधकाच्या निबंधांचा उल्लेख पुढच्या निबंधांच्या संदर्भसूचीत किती वेळा झाला हे मोजून त्याच्या कामाचा प्रभाव ठरवण्याची पद्धत. मराठी संशोधकांच्या बोलण्यात ‘सायटेशन’ हाच शब्द रुळला आहे. ‘उद्धरण’ हा प्रतिशब्दही आढळतो. परंतु उद्धरणात मूळचे शब्द जसेच्या तसे घेणे अभिप्रेत असते, येथे तसे नसते. म्हणून या नोंदीत ‘संदर्भोल्लेख’ हा शब्द योजला आहे.

उगम : या पद्धतीचे मूळ कोठे शोधायचे याविषयी मतभेद आहेत. कोणत्या वचनाचा आधार कोठे घेतला आहे हे दाखवणाऱ्या सूची हिब्रू धर्मग्रंथांच्या परंपरेत फार पूर्वीपासून होत्या. बेला हास वाइनबर्ग यांनी त्यांचा मुद्रित पुरावा १५११ पर्यंत, तर हस्तलिखित पुरावा बहुधा बाराव्या शतकापर्यंत मागे नेला आहे. फ्रेड शपिरो यांचा भर इंग्रजी न्यायनिवाड्यांच्या संग्रहांवर आहे. १७४३ मधील एका निवाडासंग्रहातील कोष्टक ते आद्य नमुना मानतात. सर्वसाधारण ग्रंथांतून मात्र १८७३ हे वर्ष दिले जाते. त्या सुमारास अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड याने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकायला सुरुवात केली. वकिलाने त्या निवाड्याच्या समासात चिकटवायच्या, म्हणजे पुढे कोणत्या खटल्यात तो निवाडा आधाराला घेतला गेला हे जागेवरच कळे. हिब्रू सूचींचे प्राचीनत्व निर्विवाद असले, तरी विज्ञानातल्या पद्धतीशी त्यांचा धागा जुळल्याचे दाखवता येत नाही. शेपर्डच्या बाबतीत तो पत्रव्यवहारातून दाखवता येतो.

तो धागा वैद्यकाच्याच ग्रंथालयातून जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात वैद्यकीय वाङ्मयाची सूची यंत्राने करता येईल का, यावर एक प्रकल्प चालू होता. यूजीन गारफील्ड १९५१ मध्ये तेथे कामाला लागला. समीक्षालेखाचे (एखाद्या विषयावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाचे) जवळजवळ प्रत्येक वाक्य कोणत्या तरी निबंधाच्या आधारावर उभे असते, हे तेथे त्याच्या ध्यानात आले. १९५३ मध्ये शेपर्डच्या कंपनीचे माजी उपाध्यक्ष विल्यम अ‍ॅडेअर यांनी त्याला पत्र लिहून वकिलांची रीत कळवली. या दोन्ही गोष्टी जोडून गारफील्डने १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी संदर्भोल्लेख-सूचीची कल्पना मांडली. पुढे जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांचे पाठबळ मिळाले आणि १९६३–६४ च्या सुमारास फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या पाच खंडांत १९६१ मधील ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख संदर्भोल्लेख होते.

या स्थलांतरात एक गोष्ट मागे राहिली. तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शेपर्डच्या सूचीत नुसता उल्लेख नव्हता. निवाडा पुढे मानला गेला, गैरलागू म्हणून वेगळा ठरवला गेला की रद्दबातल झाला, याची खूणही शेजारी असे. विज्ञानाच्या सूचीने उल्लेख घेतला, खूण टाकून दिली. गारफील्डला अभिप्रेत होते ते शोधाचे साधन. जुन्या निबंधावरून नव्या निबंधापर्यंत पोहोचण्यासाठी अनुकूल-प्रतिकूल हा भेद फारसा लागत नाही. मोजणी सुरू झाल्यावर मात्र तो लागतो.

मोजणीची परंपरा वेगळी, आणि थोडी आधीची. १९२७ मध्ये पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या १९२६ च्या खंडातील ३,६३३ संदर्भ मोजले. नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा याच ग्रंथालयीन हिशेबाचा वंशज मानणे अधिक सयुक्तिक दिसते. गारफील्ड व आयर्विंग शेर यांनी तो साठच्या दशकात घडवला. मागील दोन वर्षांतील निबंधांना एका वर्षात मिळालेले संदर्भोल्लेख भागिले त्या निबंधांची संख्या, असे त्याचे सूत्र आहे. तो नियतकालिकाचा आहे, व्यक्तीचा नाही. तरीही बढतीच्या अर्जात तो व्यक्तीच्या नावापुढेच लिहिला जातो. पेर सेग्लेन यांनी दाखवले की नियतकालिकाचे निम्मे संदर्भोल्लेख जेमतेम १५ टक्के निबंधांच्या वाट्याला येतात. म्हणजे सरासरीवरून एखाद्या निबंधाविषयी फारसे काही सांगता येत नाही.

एच-इंडेक्स : व्यक्तीसाठीचे सर्वांत प्रचलित माप. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ते २००५ मध्ये सुचवले. निबंध संदर्भोल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि क्रमांक संदर्भोल्लेखांहून मोठा होण्यापूर्वी थांबायचे. जेथे थांबलो तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. सहा निबंधांना अनुक्रमे ४०, १८, ९, ६, ५, २ असे संदर्भोल्लेख असतील तर एच-इंडेक्स ५ होतो. पहिल्या निबंधाचे ४० ऐवजी ४,००० झाले तरी तो ५ च राहतो. हिर्श यांच्या मते हा गुण. लिओ एग यांना तो दोष वाटला आणि २००६ मध्ये त्यांनी अशा बहुउल्लेखित निबंधांना अधिक वजन देणारा ‘जी-इंडेक्स’ मांडला. हिर्श यांच्या मूळ निबंधात भौतिकीतील एडवर्ड विटन यांचा आकडा ११० आहे, तर जैववैद्यकातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१ आणि डेव्हिड बाल्टिमोर यांचा १६०. यावरून स्नायडर विटनपेक्षा थोर ठरत नाहीत. जैववैद्यकात संशोधकांची संख्या मोठी आणि संदर्भसूची लांब, एवढाच त्याचा अर्थ. वेगवेगळ्या शाखांचे आकडे शेजारी ठेवू नयेत हे हिर्श यांनीच सूचित केले होते.

हाच फरक एका शाखेच्या आतही दिसतो. सर्वाधिक उल्लेखिलेला निबंध म्हणून ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिनमापनाचा निबंध ओळखला जातो. २०१४ मधील मोजणीत त्याचे संदर्भोल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. तो फार थोर निबंध नाही, हे लॉरी स्वतःच मान्य करत. त्याच मोजणीत डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध पहिल्या शंभरातही नव्हता. पद्धत सांगणाऱ्या निबंधाचा आधार प्रयोगशाळेत रोज घ्यावा लागतो. सिद्धान्त पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा संदर्भ द्यायचे सगळे विसरतात. फॉस्फरस मोजण्याची सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची १९२५ ची रीत पहिल्या प्रकारातली.

मागे राहिलेल्या त्या खुणेची उणीव सर्वांत ठळक दिसते ती अँड्र्यू वेकफील्ड यांच्या निबंधाच्या बाबतीत. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित करणारा हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ मध्ये आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. २०१९ मधील एका अभ्यासाने त्याचा आधार घेणारे ११५३ लेख तपासले, तेव्हा सुमारे ७३ टक्के लेखांतील उल्लेख प्रतिकूल निघाले. सूचीच्या हिशेबात ते सगळे जमेच्याच बाजूला.

लेखकक्रम : गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात. जैववैद्यकात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे, असा संकेत आहे. मधल्या नावांचा वाटा बाहेरच्याला कळत नाही. एच-इंडेक्स मात्र पहिल्या व सतराव्या लेखकाला सारखेच माप देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोअॅनिडिस व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये काढलेल्या संमिश्र गुणांकात लेखकक्रम आणि स्व-उल्लेख यांचा विचार आहे. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते ती यादी याच गुणांकावर बेतलेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘निवड केली’ असे बातम्यांत म्हटले जाते. प्रत्यक्षात निवड कोणी करत नाही, संगणक क्रम लावतो.

भारत : २०१६ मध्ये समीरण नंदी व सहकाऱ्यांनी ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या. २००५ ते २०१४ या काळात त्यांपैकी ३३२ संस्थांमधून एकही निबंध आला नव्हता. बढतीसाठी निबंधाची अट घातल्यावर निबंध आले, आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिकेही. भूषण पटवर्धन यांच्या पुण्यातील गटाने २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची छाननी प्रसिद्ध केली, विद्यापीठांनी सुचवलेली म्हणून यादीत आलेली जी १,००९ नियतकालिके तपासली, त्यांतील सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे ‘केअर’ या मान्य नियतकालिकांच्या नव्या यादीचे काम आले. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली.

नामसाधर्म्य : मराठी आडनावांची संख्या मर्यादित आणि सूचीत नावाचे फक्त आद्याक्षर, त्यामुळे ‘जोशी ए.’ किंवा ‘कुलकर्णी एस.’ या नोंदीखाली अनेकांचे निबंध एकत्र येतात. उलट लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते आणि दोन्हींचा एच-इंडेक्स कमी भरतो. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला. जुने निबंध त्याला संशोधकाने स्वतःच जोडून घ्यावे लागतात.