स्मार्टवॉच घेण्यापूर्वी : टचस्क्रीन, बटणे आणि आपला हात

स्मार्टवॉच निवडताना ग्राहक बहुधा पडद्याचा आकार आणि चमक पाहतात. ते वापरताना आपला हात कोणत्या अवस्थेत असेल, हा प्रश्न मात्र खरेदीनंतरच पुढे येतो.

मोबाइल ज्या हातात धरला त्याच हाताच्या अंगठ्याने चालवता येतो. घड्याळ एका मनगटावर असते आणि चालवावे लागते दुसऱ्या हाताने. त्यामुळे ज्यांचा एक हात अधू आहे किंवा कुबडीत गुंतलेला आहे, त्यांच्या दृष्टीने टच की बटण हा वादच अपुरा आहे. अशा ग्राहकांनी तोंडी आज्ञा आणि हाताच्या खुणा घड्याळाला कळतात का, हे आधी पाहावे. अ‍ॅपलने 2021 मध्ये आपल्या घड्याळात आणलेल्या ‘असिस्टिव्हटच’ या सोयीमुळे, घड्याळ बांधलेल्या हाताचीच मूठ वळून किंवा चिमूट जुळवून ते चालवता येते.

आजच्या टचस्क्रीनला बोटाचा दाब लागत नाही. बोट टेकल्यावर काचेखालच्या विद्युतक्षेत्रात जो बदल होतो, तो ती टिपते. पाण्यामुळेही तसाच बदल होत असल्याने पावसाचा थेंब किंवा घाम तिला बोटासारखा भासतो. उलट साधा हातमोजा घातलेले किंवा घट्टे पडलेले कोरडे बोट तिला कधी कधी जाणवतच नाही. पोहताना लावायचे ‘वॉटर लॉक’ पडद्याचा स्पर्शच बंद करते, म्हणजे ते अडचण सोडवत नाही, टाळते. जागेचाही प्रश्न आहे. बोटाने दाबायचे चिन्ह सुमारे 9 मिलिमीटरचे असावे, असे गूगलच्या डिझाइनविषयक सूचना सांगतात, 1.4 इंची गोल पडद्याचा व्यास जेमतेम 35 मिलिमीटर, म्हणजे एका ओळीत अशी तीनच चिन्हे मावतात, आणि बोट टेकले की त्याखालचे अक्षर झाकले जाते ते वेगळेच.

बटण न पाहता चाचपून सापडते आणि दाबले गेल्याचे बोटाला कळते, म्हणून कमी दिसणाऱ्यांना, हात थरथरणाऱ्यांना आणि धावणाऱ्यांना त्याचा मोठा आधार असतो. मात्र प्रत्येक बटणासाठी घड्याळाच्या कडेला एक भोक पाडावे लागते आणि पाणी रोखण्यासाठी तेथे रबरी कडे बसवावे लागते. बटणे कमी ठेवण्याकडे उत्पादकांचा कल असतो, त्याचे हे एक कारण. शिवाय बटण जड असेल, तर सांधेदुखी असलेल्या बोटांना तेच नकोसे होते.

जुन्या घड्याळाच्या चावीसारखे फिरणारे बटण आम्हांला या दोहोंमधला सर्वांत समंजस मार्ग वाटतो, कारण ते फिरवताना मजकूर सरकतो पण झाकला जात नाही. मनगट वाकवल्यावर ते दाबले जात असेल, तर घड्याळ उलटे बांधून पडदा फिरवण्याची सेटिंग अनेक घड्याळांत असते. एकही बटण नसलेले घड्याळ, ते कितीही देखणे असले तरी, आम्ही सहसा सुचवत नाही.

अंध ग्राहकांनी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय (अ‍ॅपलमध्ये ‘व्हॉइसओव्हर’, गूगलच्या ‘वेअर ओएस’ या घड्याळांसाठीच्या प्रणालीत ‘टॉकबॅक’) मराठी कितपत नीट वाचते, हे स्वतः ऐकून ठरवावे.

घड्याळ पाहताना ते मनगटावर बांधून, बोट ओले करून आणि नजर दुसरीकडे ठेवून वाजता गजर बंद करून पाहावा. त्यासाठी पाण्याची वाटी आणि रुमाल आम्ही दुकानातल्या मेजावर ठेवलेले असतात.