खाण शेजारच्या गटाखाली आहे, मग तुमच्या प्लॉटला काय?
चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी भागात प्लॉट घेणाऱ्या किंवा घर बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मोजणीला आलेले बरेच जण आधीच सांगून टाकतात, साहेब खाण आमच्या गटाखाली नाहीच, पलीकडच्या गटाखाली आहे. असेल, पण जमीन काही गटाची हद्द बघून बसत नाही. खाली कोळसा काढून शेवटी आधाराला ठेवलेले कोळशाचे पिलरही काढले (खाणीतली माणसं याला डिपिलरिंग म्हणतात) की वरचा खडक त्या पोकळीत कोसळतो आणि मग वर जो खोलगट भाग तयार होतो तो खालच्या पोकळीपेक्षा सगळ्या बाजूंनी रुंद पसरू शकतो.

किती रुंद, तर पॅनलच्या (खाली कोळसा काढलेल्या भागाच्या) कडेपासून एक रेष सरळ उभी वर न्या, दुसरी रेष त्याच कडेपासून जमीन बसायची जिथे थांबते तिथवर न्या, दोघींमधला कोन म्हणजे अँगल ऑफ ड्रॉ. कडेपासून बाहेर किती अंतर बसेल ते म्हणजे खोली गुणिले त्या कोनाचा टॅन, एवढाच हिशोब. कोन 35 अंश धरला, जसा इंग्लंडच्या खाणींसाठी धरायचे, तर 100 मीटर खोलीवर 70 मीटर येतात, 20 अंश धरला तर 36 मीटर. आपल्याकडे वर कडक वाळूदगड असेल तर कोन बराच कमी भरतो, पण वर्धा खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी वर कामठी नावाच्या खडकथराचा मऊ, पाणी धरणारा वाळूदगड आहे, म्हणून आम्ही एकच कोन सगळीकडे ठोकून देत नाही, तशाच खोलीच्या जवळच्या पॅनलवर लेव्हलिंग (जमीन किती बसली त्याची मोजणी) झालं असेल तर ते आधी बघतो. सीम (कोळशाचा थर) तिरपी असेल तर उताराच्या बाजूला अंतर वाढतं, चढाच्या बाजूला घटतं. मधे फॉल्ट (खडक तुटून सरकलेली जागा) असेल तर मात्र सगळा हिशोब गडबडतो, जमीन हळूहळू न बसता फॉल्टच्या रेषेवर पायरीसारखी तुटू शकते.

आता घर नेमकं कुठे तडकतं? लोकांना वाटतं मधोमध, कारण जमीन तिथे जास्त बसते. खरं तर पॅनलच्या कडेच्या आसपास जमीन ताणली जाते आणि भिंतीला भेगा पडतात त्या या ताणाने. ताण मीटरला 3 मिलिमीटर असेल तर 10 मीटरच्या भिंतीवर 30 मिलिमीटर होतात, 30 मीटरच्या चाळीवर 90. म्हणून अशा जागेत एक लांबलचक बांधकाम करण्यापेक्षा मधे फट सोडून छोटे ब्लॉक करा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि ऐकतं कुणी नाही.

वरचं सगळं डिपिलरिंग झालेल्या खोल खाणींसाठी. जुन्या, उथळ, पिलर तसेच उभे सोडलेल्या कामांचं गणित वेगळं, तिथे वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एखाद दिवशी खड्डा पडतो. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, त्या भागाखालीही जुनी भुयारी खाण आहे. कोसळलेला खडक फुगतो आणि जागा भरत जातो, 3 मीटर उंच गॅलरी (खाणीतला बोगदा) आणि खडक 30 टक्के फुगणारा असेल तर पोकळी साधारण 10 मीटर वर चढून थांबायला हवी. पण वर मऊ दगड किंवा माती असेल आणि पावसाचं पाणी ते खाली वाहून नेत असेल तर पोकळी थांबत नाही, अशा ठिकाणी अँगल ऑफ ड्रॉ काढून काही उपयोग नाही, खाली गॅलरी आहे की नाही एवढंच बघायचं.

आणि प्रत्येक भेग खाणीची नसते बरं का. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात तडकतं आणि पावसाळ्यात भेगा मिटतात, तसं होत असेल तर आधी पाया बघा, आमच्या सर्व्हेवर पैसे घालू नका.

येताना सातबारा, गटाचा नकाशा आणि जमलं तर वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) एरिया ऑफिसमधून खाणीचा नकाशा आणा. बंद खाणीचा नकाशा डीजीएमएसकडे (खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे) जमा करावा लागतो, नागपूरला त्यांचं ऑफिस आहे, अर्ज लिहून द्यायला आम्ही मदत करतो. नकाशावर 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीचं खासगी मालकाचं काम दिसलं तर त्या रेषांवर आम्ही विसंबत नाही, बोअर मारून खात्री केल्याशिवाय रिपोर्टवर सही होणार नाही, आणि बोअरचा खर्च वेगळा.