समाजमाध्यमांवरील प्रायव्हसी सेटिंग्ज

आपण टाकलेला मजकूर व फोटो कोणाला दिसावेत, आपल्याशी संपर्क कोणी साधावा आणि आपल्या वापराच्या नोंदींचे पुढे काय व्हावे, हे ठरवण्यासाठी समाजमाध्यमांनी खातेदाराला दिलेली नियंत्रणे. त्यांत दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. इतर माणसांना काय दिसते, हा एक. कंपनी, जाहिरातदार आणि खात्याला जोडलेली ॲप्स यांना काय मिळते, हा दुसरा. खाते ‘प्रायव्हेट’ केले की पहिला बराचसा मार्गी लागतो, दुसरा मात्र होता तिथेच राहतो. सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात.

फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुरते होते. सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आले. तोवर एखाद्याने काय बदलले हे पाहायला त्याच्या प्रोफाइलवर जावे लागे. आता ते न मागता सगळ्या मित्रांसमोर येऊ लागले. नवी माहिती कोणतीच उघड झाली नव्हती, तरी वापरकर्त्यांनी मोठा निषेध केला आणि कंपनीला काही दिवसांतच जादा नियंत्रणे द्यावी लागली. खासगीपणाच्या अभ्यासक हेलन निसेनबाउम यांनी २००४ मध्ये मांडलेला विचार इथे नेमका लागू पडतो: माहिती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाचे संकेत मोडून ती दुसरीकडे वाहू लागली, की खासगीपणाचा भंग होतो. एखादी गोष्ट ‘गुप्त’ होती की नव्हती, एवढ्यावरून त्याचा निवाडा होत नाही.

सेटिंग्जमध्ये सर्वांत प्रभावी असते ती आधीच निवडून ठेवलेली, म्हणजे डीफॉल्ट सेटिंग. बहुतेक लोक ती बदलत नाहीत, त्यामुळे खरा निर्णय ती ठरवणाऱ्याच्या हाती जातो. डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने सुचवलेल्या नव्या सेटिंग्जमध्ये बरीच माहिती ‘सर्वांसाठी’ खुली होती. त्या बदलांसह अनेक बाबींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहिताचे रक्षण करणारी सरकारी संस्था) आक्षेप घेतले आणि २०११ मध्ये तडजोड झाली. नव्या खातेदारांच्या पोस्ट आपोआप फक्त मित्रांपुरत्या ठेवण्याची सुरुवात फेसबुकने २०१४ मध्ये केली. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. व्यक्तीने स्वतः काही केल्याशिवाय तिची माहिती अमर्याद लोकांपुढे खुली होऊ नये, असे त्याच्या २५ व्या कलमात सांगितले आहे.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या सेटिंग्ज सहसा दुर्लक्षित राहतात. ‘फोन नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ ही त्यांतली एक. फोनमधील संपर्क जुळवून देण्याच्या सोयीचा गैरवापर करून फेसबुकवरील माहिती गोळा केली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींहून अधिक खात्यांचा तपशील, बहुतेकांच्या फोन नंबरांसह, इंटरनेटवर मोफत उपलब्ध झाला. स्थानाची माहितीही तशीच. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हाने नावे वगळून जगभरातील धावण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. २०१८ च्या सुरुवातीला लक्षात आले की तिथे धावणाऱ्या सैनिकांच्या नोंदींमुळे ओसाड प्रदेशांतले लष्करी तळ त्यात उजळून दिसत आहेत.

आपली सेटिंग कितीही कडक असली तरी मित्राची सैल असू शकते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरील माहिती गेल्याच्या प्रकरणात संबंधित ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले होते. मित्रांच्या माहितीपर्यंत त्याचा हात पोचत असल्याने बाधितांचा अंदाज ८ कोटी ७० लाखांपर्यंत गेला. ॲप्सना मित्रांची माहिती देणारी ही सवलत पुढे बंद झाली. टॅग केलेली पोस्ट आपल्या प्रोफाइलवर येण्याआधी तपासण्याची सोय आणि मित्रयादी लपवण्याचा पर्याय याच कारणाने महत्त्वाचे आहेत. व्हॉट्सॲपवर आपल्याला कोणी ग्रुपमध्ये घ्यावे, हे २०१९ पासून ठरवता येते. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्यास इतरांच्याही दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या चालूच राहतात.

सेटिंग बदलल्याचा परिणाम मागे किती जातो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. फेसबुकवर पुढच्या पोस्टचा प्रेक्षकवर्ग बदलला म्हणून जुन्या पोस्ट बदलत नाहीत. त्या मर्यादित करण्याचा पर्याय वेगळा आहे. ॲपची परवानगी काढली की त्याला नवी माहिती मिळणे थांबते, आधी नेलेली आपोआप परत येत नाही. घेतलेल्या स्क्रीनशॉटवर तर कोणतीच सेटिंग चालत नाही. म्हणून पाहणी करताना आधी जोडलेली ॲप्स, मग फोन नंबर व स्थान, आणि त्यानंतर जुन्या पोस्ट हा क्रम सोयीचा ठरतो.

अल्पवयीनांसाठी डीफॉल्टच कडक ठेवण्याकडे आता कल आहे. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये १६ वर्षांखालील मुलांची नवी खाती सुरुवातीपासूनच प्रायव्हेट ठेवायला घेतली आणि २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी स्वतंत्र खाती आणली. त्यांतील काही बंधने सैल करायला १६ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी लागते.