पार्श्वभूमी : कर्करोगाचं औषध आणि मूल होण्याचा प्रश्न

खानदेशात सरकी म्हटलं की ढेप आठवते, दुभतं जनावर आठवतं. त्याच सरकीच्या दाण्यात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. चीनमधल्या काही गावांत कच्चं सरकी तेल खाणाऱ्यांना मुलं होईनात, अशी नोंद १९५० च्या दशकात झाली. १९७० च्या दशकात तेच द्रव्य पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तिथे हजारोंना दिलं गेलं. काहींचं पोटॅशियम उतरलं, काहींचे शुक्राणू गोळी बंद करूनही परतले नाहीत, आणि तो मार्ग सोडावा लागला. पुढे हेच द्रव्य कर्करोगाच्या पेशींना मरू न देणारी प्रथिनं अडवतं, असं दिसलं. रुग्णांवर चाचण्याही झाल्या, पण औषध म्हणून मान्यता मिळाली नाही. (रिफाइंड तेलातून ते काढलेलं असतं, तेव्हा फोडणीची काळजी नको.)

गरोदर बायकांनी घेतल्यावर बाळांच्या हातापायांत व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइडची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ते औषध २००६ मध्ये मायलोमा या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झालं, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

कर्करोगाच्या औषधाने मूल होण्यावर काय परिणाम होतो, हे आधी किती तपासावं? यातला खरा वाद २००९ च्या निर्णयाचा आहे. अमेरिका, युरोप आणि जपानच्या औषध-नियंत्रकांनी कंपन्यांसोबत बसून एक मार्गदर्शिका ठरवली. बळावलेल्या कर्करोगावरच्या औषधासाठी प्रजननक्षमतेचा वेगळा अभ्यास नको. नेहमीच्या विषचाचणीत प्राण्यांच्या वृषणांत, अंडाशयांत जे दिसेल त्यावरून अंदाज बांधावा. गर्भावरचा अभ्यास विक्रीचा परवाना मागताना दिला तरी चालेल. औषध जनुकांना इजा करणारं आणि भराभर विभागणाऱ्या पेशींना मारणारं असेल, तर तोही अत्यावश्यक नाही. ज्याच्या हाती थोडे महिने उरलेत त्याला औषधासाठी ताटकळत ठेवू नये, हा हेतू रास्तच. पण इमॅटिनिब २००१ मध्येच बाजारात आलं होतं. रक्ताच्या एका कर्करोगाचे रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगत होते, संसार थाटत होते. नियम लिहिताना डोळ्यांसमोर मरणाच्या दारातला रुग्ण होता. औषधं मात्र पुढे पंचविशीतल्यांनाही मिळू लागली. उपचारासाठी जळगाव-धुळ्याहून मुंबई गाठणाऱ्या तरुण जोडप्याने ‘पुढं मूल होईल ना?’ असं विचारलं, तर नव्या औषधांबाबत उत्तर बरेचदा प्राण्यांच्या ऊतींवरून बांधलेल्या अंदाजाचंच असतं.

ही उणीव प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशी भरून काढतील अशी आशा होती. १९९० च्या दशकात उंदराच्या भ्रूण-मूलपेशींची, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींची, चाचणी तयार झाली. त्या पेशींपासून १० दिवसांत धडधडणारे हृदयस्नायू बनतात की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. २० रसायनांवरच्या पडताळणीत वर्गीकरण सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर आलं. पण ही चाचणी गर्भाच्या इजेची. वंध्यत्वाबद्दल ती काही सांगत नाही. २०११ मध्ये टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनची निर्मिती मोजणाऱ्या चाचणीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिच्या पेशी माणसाच्याच, पण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या कर्करोगातून आलेल्या.

अडचण इथेच आहे. अंडाशयाच्या चाचण्यांतल्या सेल लाइनही (डिशमध्ये सतत वाढत राहणाऱ्या पेशी) बऱ्याचदा कर्करोगाच्या गाठीतूनच काढलेल्या असतात. कर्करोगाचं औषध टाकलं की त्या मरणारच. मग अंडाशयाला धोका आहे की औषध आपलं काम करतंय, हे ठरवायचं कसं? चोपडा-शिरपूरच्या फार्मसीच्या मुलांना परिचित असलेली एमटीटी चाचणी जांभळ्या रंगावरून जिवंत पेशी मोजते, कारण सांगत नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगाचं औषध तर यकृतात रूपांतर झाल्याशिवाय जवळपास निष्क्रिय, आणि डिशमध्ये यकृत नसतं. शिवाय इजा कायमची की तात्पुरती, हे कळायला महिने लागतात. काही दिवसांच्या चाचणीत ते दिसत नाही. उंदराच्या वृषणाच्या तुकड्यात शुक्राणू घडवून त्यांपासून पिल्लं मिळवल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं, पण नेहमीच्या तपासणीपासून ते तंत्र फार दूर आहे.

भारताने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशीसंवर्धन, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी नक्कल) अशा पद्धतींना प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या जोडीने किंवा त्यांच्या जागी परवानगी दिली. जीवघेण्या आजारांवरच्या औषधांना प्राण्यांवरच्या चाचण्यांतून सूट देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आधीच होती.