किनाऱ्यावरचा उजेड आणि कोकणचे आकाश

पावसाळा सरला की कोकणातले आकाश निवळते, आणि नेमका हाच पर्यटनाचा हंगाम असल्यामुळे समुद्रालगतच्या निवासांचे, जेट्टींचे आणि रस्त्यांचे दिवे याच महिन्यांत रात्रभर जळत राहतात. दिव्यातून वर किंवा आडवा निसटलेला प्रकाश हवेतील रेणूंवर, धुळीवर आणि मिठाच्या सूक्ष्म कणांवर आदळून विखुरतो व त्यातला काही पुन्हा खाली येतो. खाऱ्या, दमट हवेत असे कण भरपूर असल्याने शहराचा उजेड कित्येक किलोमीटर दूरच्या गावातूनही क्षितिजावर फिकट घुमटासारखा दिसतो.

दिव्यांच्या संख्येइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष त्यांच्या रंगाकडे द्यायला हवे, असे मला वाटते. हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते; तरंगलांबी जितकी लहान, तितका प्रकाश अधिक विखुरतो. जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो आणि तो जवळपास तिप्पट विखुरतो. रात्रीच्या आकाशातील कृत्रिम उजेडाच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आकाशगंगा दिसतच नाही.

कोकणाची पश्चिम बाजू मात्र अजून मोकळी आहे, कारण तिकडे शहर नाही, समुद्र आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, चंद्र नसलेल्या संध्याकाळी, संधिप्रकाश पुरता मावळल्यावर पाण्याच्या रेषेवरून वर निमुळता होत जाणारा एक अत्यंत मंद पट्टा दिसतो. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून विखुरलेला तो सूर्यप्रकाश असतो. जवळचा एक उघडा फ्लडलाइट तो दिसेनासा करायला पुरेसा आहे.

वेळास, आंजर्ले येथील वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर येतात तीही याच सुमारास. रात्री बाहेर पडलेले पिल्लू क्षितिजाच्या अधिक उजळ बाजूकडे धावते. नैसर्गिक अंधारात ती बाजू समुद्राची असते, पण मागे पांढरा दिवा असेल तर ते जमिनीकडे वळते आणि वाळूतच थकून किंवा भक्षकांच्या तोंडी पडून मरते.

आकाशासाठी आणि पिल्लांसाठी उपाय एकच आहे, म्हणून तो मला विशेष मोलाचा वाटतो. दिव्याला वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकण हवे, प्रकाश पिवळसर-तांबूस हवा, आणि पिल्ले बाहेर येण्याच्या काळात किनाऱ्याकडचे अनावश्यक दिवे बंद हवेत. महाराष्ट्रातच पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना सुरुवात रस्त्यावरच्या खांबांपासून करता येईल.