गाडीतला कायमचा मुक्काम आणि नियमांची पार्श्वभूमी

मोटार वाहनात कायमचे राहू नये, असे सांगणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. राहता येईल, असे सांगणारेही नाही. त्यामुळे घर भाड्याने देऊन किंवा विकून कॅम्पर व्हॅनमध्येच, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतच, संसार थाटण्याचा विचार करणाऱ्या नाशिककराला, मग तो निवृत्त असो वा लॅपटॉपवर काम करणारा तरुण, एकाच खिडकीवर उत्तर मिळत नाही. त्याची चौकशी पेठ रोडवरच्या परिवहन कार्यालयात सुरू होते आणि महापालिका, गॅस एजन्सी, मतदार यादी अशी फिरत राहते. सध्याची ही स्थिती कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मात्र खरा गुंता गेल्या पंचवीस वर्षांतलाच आहे.

जुन्या इतिहासात एवढे लक्षात घेतले तरी पुरे, की फिरस्त्यांकडे आपल्याकडचा कायदा आधी संशयाने पाहत आला. प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागांवर नोंदणीचे बंधन घालणारा सराई कायदा १८६७ चा, तर संपूर्ण जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ चा. हा दुसरा कायदा सुरुवातीला उत्तर भारतापुरता होता आणि १९११ च्या सुधारणेनंतर त्याची व्याप्ती वाढली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी बैलगाडीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या गाडीलोहारांसारख्या समाजांना 'तुमचा पत्ता काय?' या प्रश्नातून सुटका मिळाली नाही. आज महागड्या व्हॅनमधून फिरणाऱ्याला हाच प्रश्न विचारला जातो, एवढेच. त्याच्याशी बोलण्याचा सूर अर्थातच अधिक सौम्य असतो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा पत्त्यावर उभा आहे. कलम ४० नुसार वाहनाची नोंदणी मालकाच्या निवासाशी किंवा व्यवसायाच्या जागेशी, म्हणजे जिथे वाहन एरवी ठेवले जाते त्या ठिकाणाशी जोडलेली असते. एकदा झालेली नोंदणी देशभर चालते, परंतु वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर कलम ४७ नुसार तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. कलम ४९ सांगते, की आरसी बुकात नोंदलेला पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवावे. एमएच १५ ची पाटी लावून एक महिना कोकणात, दोन महिने कर्नाटकात आणि पावसाळा इगतपुरीच्या परिसरात काढणाऱ्याने हे कलम अक्षरशः पाळायचे ठरवले, तर त्याला दुसरे काम करायला सवड मिळणार नाही. २०२१ मध्ये आलेल्या बीएच, म्हणजे 'भारत', क्रमांक मालिकेने राज्य बदलताना क्रमांक बदलण्याची कटकट कमी केली खरी, पण ती प्रामुख्याने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांच्या नोकरदारांसाठी आहे. निवृत्तांना आणि स्वतंत्र व्यावसायिकांना, म्हणजे गाडीत राहण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक, त्यांना तिचा उपयोग नाही.

गाडीचा वर्ग कोणता, हा पुढचा प्रश्न ५ नोव्हेंबर २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेने सोडवायचा प्रयत्न केला. तिच्यातील वाहनांच्या यादीत कॅम्पर व्हॅन दोन ठिकाणी येते : परिवहन वाहनांमध्ये आणि, खासगी वापरासाठी असल्यास, बिगरपरिवहन वाहनांमध्ये. पांढऱ्या पाटीच्या गाडीला परमिट लागत नाही आणि तिची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पिवळ्या पाटीला परमिट हवे, शिवाय पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस हवे. राहण्यासाठी गाडी घेणारा साहजिकच खासगी पासिंग मागतो. तो मागू शकतो, हे या यादीने मान्य केले, आणि आजवरच्या नियमांत त्याच्या बाजूने म्हणता येईल असे हे जवळजवळ एकमेव वाक्य आहे.

खरी अडचण आहे ती गाडी तयार करण्यात. परदेशाप्रमाणे कारखान्यातून तयार होऊन आलेली मोटारहोम आपल्याकडे अपवादानेच दिसते. बहुतेकांची वाट वेगळी असते : तेरा किंवा सतरा आसनी व्हॅन घ्यायची, आसने काढायची, त्यांच्याच रुळांवर प्लायवूडच्या पलंगाची चौकट बोल्टने बसवायची, मागच्या दाराशी ओटा, खाली पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याचे, वेल्डिंगचे आणि फर्निचरचे काम करणारे हात भरपूर आहेत आणि त्यांना यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते कलम ५२.

मूळ कलम ५२ फार कठोर नव्हते. आरसी बुकातील तपशील चुकीचे ठरतील असा फेरफार मालकाने परस्पर करू नये, आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मान्यता घ्यावी, असा त्याचा आशय होता. २००० च्या सुधारणेने कसोटीच बदलली. आता प्रश्न अधिकाऱ्याच्या मान्यतेचा राहिला नाही. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतील तपशील विसंगत होतील असा फेरफार करायचाच नाही, असे कलम सांगू लागले. इंधन बदलण्यासाठी सवलत ठेवली गेली आणि विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे राहिला. तरीही जवळजवळ दोन दशके अनेक राज्यांत जुन्याच पद्धतीने काम चालू राहिले, कारण राज्यांच्या नियमांत फेरफाराला मान्यता देण्याची तरतूद होती आणि अधिकारी तिचा आधार घेत असत.

हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तो केरळमधून. तिथल्या उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेत फेरफाराला वाट मोकळी ठेवली होती. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. राज्याचे नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, वाहनाच्या नमुन्याची चाचणी होऊन ते बाजारात येते आणि त्या मूळ तपशिलांत बदल झाला तर चाचणीचा अर्थच उरत नाही, असे त्यामागचे सूत्र होते. रस्त्यावरच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्यात चूक काढणे कठीण आहे. बसचे टप वाढवून वर माणसे झोपवणाऱ्यांचे अपघात आपल्याकडे काही नवीन नाहीत.

तथापि निकाल आणि त्याची झालेली समजूत यांत अंतर पडले. न्यायालयाने बोट ठेवले होते ते आरसीत नोंदवण्यासाठी उत्पादक जे तपशील देतो त्यांवर. बातम्यांतून मात्र 'गाडीत आता काहीही बदलता येणार नाही' असा अर्थ पसरला. गादी टाकणे, पडदे लावणे, जाग्यावर न ठोकलेला स्टोव्ह ठेवणे, यांनी आरसीतला कोणताही रकाना बदलत नाही. उलट दहा आसने काढली की आसनक्षमता बदलते. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वजन वाढते, पण ते पाण्याचे. टाकी, पलंग आणि ओटा कायमचे बसवले की रिकाम्या गाडीचेच वजन बदलते, आणि वजनकाट्यावरची पावती ते लपवू देत नाही. छताला उंची दिली तर तो फेरफारच, त्यात वादच नाही. त्यामुळे अर्ध्या दिवसात काढता येईल असा संसार आणि बोल्टने जखडलेला संसार, यांतली सीमा या निकालाने आखली, असे वाचणे अधिक न्याय्य ठरेल. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने १ सप्टेंबर २०१९ पासून बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मोठ्या कंपन्यांना याचा त्रास झाला नाही. फटका बसला तो गल्लीतल्या फॅब्रिकेटरला, ज्याचे काम चोख असले तरी त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हते.

प्रमाणपत्राची वाट उपलब्ध आहे. एआयएस १२४ या मानकात मोटार कॅरॅव्हॅनच्या मंजुरीची पद्धत दिली आहे आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून नमुना मंजूर करून घेतला तर गाडी त्याच वर्गात नोंदवता येते. अशी एक संस्था पुण्यात, म्हणजे नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर आहे. कॅरॅव्हॅनची व्याख्याही नेटकी आहे : बैठक आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा, आणि हे सारे गाडीत पक्के बसवलेले. गंमत अशी, की कलम ५२ च्या भीतीने ज्या वस्तू मालक सुट्या ठेवतो, त्या सुट्या ठेवल्या की त्याची गाडी कॅरॅव्हॅनच्या व्याख्येत बसत नाही. नमुनामंजुरीचा खर्च अनेक गाड्या विकणाऱ्याला परवडतो, स्वतःपुरती एक गाडी बांधणाऱ्याला नाही.

याच सुमारास सरकारचे लक्ष कॅरॅव्हॅनकडे गेले, पण ते पर्यटनासाठी. केंद्राचे कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्कविषयीचे धोरण त्याआधीच आले होते. महाराष्ट्राने आपले धोरण २०२१ मध्ये आणले आणि केरळनेही त्याच वर्षी आणले. कायमचे बांधकाम करता येत नाही अशा निसर्गरम्य ठिकाणी मुक्कामाची सोय व्हावी, हा विचार त्यात होता. गंगापूर धरणाचा काठ, अंजनेरीचा पायथा किंवा द्राक्षबागांचा पट्टा डोळ्यांपुढे आणला तर तो पटण्यासारखा आहे. धोरणाचा पर्यटक मात्र दोन रात्री राहून परत जातो. वर्षभर राहणारा माणूस त्याच्या कल्पनेत नाही.

तो माणूस पार्कबाहेर उभा राहिला तर काय? सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेली गाडी कलम १२७ नुसार ओढून नेता येते. आत माणूस असेल तर ती बेवारस नाही, हे खरे; पण पार्किंगला मनाई असलेल्या जागी त्या युक्तिवादाचा उपयोग नाही. स्वतःच्या शेतात गाडी लावली तर दुसरा कायदा पुढे येतो. महापालिका कायद्यातील इमारतीच्या व्याख्येत धातूसह कोणत्याही साहित्याचे आच्छादन किंवा रचना येते, मग ती राहण्यासाठी असो वा नसो. चाके हवेत आणि खाली विटांचे टेकू, शेजारी शोषखड्डा, वर वीजजोडणी, अशा अवस्थेतील गाडीला वाहन म्हणायचे की झोपडे, हे मग अधिकाऱ्याच्या नजरेवर ठरते.

या प्रश्नावर सर्वाधिक वाद झाला तो अमेरिकेत, जिथे गाडीत पूर्णवेळ राहणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. तिथे १९७४ च्या कायद्यानुसार कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठीची संघीय संहिता १९७६ मध्ये लागू झाली आणि १९८२ मध्ये चारशे चौरस फुटांपर्यंतच्या, करमणुकीच्या तात्पुरत्या वापरासाठी बनवलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली. २०१६ मध्ये या सवलतीची भाषा बदलण्याचा प्रस्ताव आला, त्यात ही वाहने 'प्राथमिक निवासासाठी नाहीत' असे शब्द होते आणि सरकार गाडीत राहण्यावर बंदी घालत असल्याची आवई उठली. आपला नियम गाडी कशी बनवावी यापुरता आहे, ती कशी वापरावी हे राज्ये आणि नगरे ठरवतात, असा खुलासा संबंधित खात्याला करावा लागला. अंतिम नियम नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला आणि तीच भाषा कायम राहिली. खुलासा बरोबर होता, पण अपुरा. कारण नगरांनी आपल्या बंदीसाठी हेच शब्द पुढे करू नयेत, अशी तजवीज त्यात नव्हती.

न्यायालयांनी तिथेही दोन्हींकडे कौल दिला आहे. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगोतील एका मोटारहोमबाबत, ती चटकन हलवता येते म्हणून वॉरंटशिवाय झडतीच्या दृष्टीने ती घर नव्हे तर वाहन, असे ठरवले. टेकूंवर चढवलेली, नळ-विजेला जोडलेली गाडी असती तर काय, हे मात्र खुले ठेवले. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसचा गाडीत राहण्यास मनाई करणारा स्थानिक कायदा संदिग्ध म्हणून संघीय अपील न्यायालयाने रद्द ठरवला, कारण गाडीत राहणे म्हणजे नेमके काय, हे त्यातून कळत नव्हते. पत्त्याच्या बाबतीत साउथ डकोटासारख्या राज्याने वर्षानुवर्षे एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर वाहन चालवण्याचा परवाना दिला. मतदार नोंदणीसाठी तिथे २०२३ मध्ये तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली.

आपल्याकडे मतदार यादीचा आधार १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील 'सर्वसाधारणपणे निवासी' ही संकल्पना आहे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तिथला निवासी ठरत नाही, असे कलम २० स्पष्ट सांगते. म्हणजे इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देऊन व्हॅनमध्ये राहणाऱ्याचे नाव तिथल्या यादीत राहणे कायद्याच्या काटेकोर वाचनात अडचणीचे आहे. बेघरांसाठी मात्र, कर्मचाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहावे, अशी पद्धत आहे. पुलाखाली रोज झोपणाऱ्याला ती उपयोगी पडते, रोज जागा बदलणाऱ्याला नाही. त्या मानाने स्वयंपाकाचा प्रश्न सोपा झाला : घरगुती जोडणीला पत्ता लागतो, पण पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो.

नाशिकमध्ये हा विषय पुन्हा वर येण्याचे निमित्त २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. गेल्या सिंहस्थात, १४ जुलै २०१५ च्या ध्वजारोहणानंतर, तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरी जो पसारा उभा राहिला, त्यात गाडीतच महिनोनमहिने बिऱ्हाड असलेले साधू-भाविक होतेच. मेळ्यापुरती जागा, पाणी आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था प्रशासन करते आणि तेव्हा गाडीत राहणारा कोणाला खुपत नाही. यावेळी मेळ्यासाठी राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला आहे. वाहनतळ आणि थांबे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आधीपासून आहे. मेळ्यासाठी आखलेल्या वाहनतळांपैकी एखादा, पाण्याचा नळ आणि मैला सोडण्याची सोय ठेवून, त्या कलमाखाली पुढेही चालू ठेवायला नवा कायदा करावा लागणार नाही.