आरटीयू, मॉडेम आणि साडेतीन अक्षरांची शांतता

पाणीपुरवठ्याच्या जुन्या योजनांच्या नूतनीकरणाची निविदा निघाली की तीत बऱ्याचदा एक अट असते: नवी यंत्रणा ‘सध्याच्या आरटीयूशी सुसंगत’ असावी. म्हणजे नेमकी कशाशी, असं बैठकीत विचारलं की दोन टेबलांवरून दोन उत्तरं येतात. दोन्ही बरोबर असतात, पंचाईत तीच आहे.

वीज क्षेत्रातून आलेल्या माणसासाठी आरटीयू (रिमोट टर्मिनल युनिट) म्हणजे उपकेंद्रातला डबा: ब्रेकरची स्थिती, अॅम्पिअर, व्होल्ट गोळा करून मध्यवर्ती केंद्राला कळवणारा. कारखान्यातून आलेल्यासाठी आरटीयू ही मॉडबसची, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या एका ठरलेल्या भाषेची, एक बोलण्याची पद्धत, दुसरी आस्की (यात प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून पाठवतात). त्यामुळे आस्की पद्धतीने बोलणारा आरटीयू असू शकतो, आणि आरटीयू पद्धतीने बोलणारा, पण आरटीयू नसलेला साधा पीएलसीही (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक). त्यात पीएलसी हा शब्दही सरळ नाही. उपकेंद्रात जुन्या माणसासमोर ‘पीएलसीचं पॅनल’ म्हणालात तर तो पीएलसीसीकडे, म्हणजे उच्चदाबाच्या तारेवरून बोलणं आणि डेटा नेणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवेल. वर टांगलेला वेव्ह ट्रॅप (तारेवरचे हे संकेत उपकेंद्रात शिरू न देणारं वेटोळं) त्याच संसारातला.

मागचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९६२ मध्ये अमेरिकेत बेल १०३ हा सेकंदाला ३०० बिटांचा मॉडेम (बिटांचे फोनवरचे सूर आणि सुरांचे पुन्हा बिट करणारा डबा) आला. १९६८ मध्ये तिथे बाहेरची उपकरणं टेलिफोनच्या जाळ्याला जोडायची मुभा देणारा निर्णय झाला. त्याच सुमारास पहिला पीएलसी मोटारउद्योगासाठी तयार होत होता. १९७९ मध्ये मॉडबस आला आणि १९८१ मध्ये ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा ऐकणारा हेजचा मॉडेम. कायमच्या भाड्याच्या तारेवर १२०० बॉडचे (इथे सेकंदाला तितके बिट) मॉडेम लावून एकामागून एक ठिकाणांची हजेरी घेण्याची पद्धतही रुळली. ज्यांना अशी तार परवडत नव्हती, त्यांच्यासाठी उरला साधा फोन: नंबर फिरवा, आकडे घ्या, ठेवून द्या.

आरटीयू पद्धत की आस्की, हा खरा वाद या फोनवाल्यांच्या वाट्याला आला. मॉडबस आरटीयूत संदेश कुठे संपला हे सांगणारं कुठलंही चिन्ह नाही. साडेतीन अक्षरांइतका वेळ तारेवर काही आलं नाही, तर संदेश संपला असं समजायचं. मधेच दीड अक्षरापेक्षा जास्त खंड पडला, तर संदेश बिघडला असं धरायचं. ९६०० बॉडला ही साडेतीन अक्षरं म्हणजे जेमतेम ४ मिलिसेकंद. सुरुवातीचे मॉडेम बिट आत घेत आणि सूर बाहेर काढत, स्वतःचं डोकं चालवत नसत, त्यामुळे हे निभत होतं. पुढे मॉडेम शहाणे झाले. १९८८ च्या व्ही.४२ मानकानंतर ते डेटा साठवून, गठ्ठे बांधून, चूक झाली तर पुन्हा पाठवून पलीकडे देऊ लागले. एकही अक्षर चुकत नव्हतं, पण अक्षरांमधली अंतरं मूळची राहिली नाहीत. एका संदेशाचे दोन तुकडे व्हायचे आणि पीएलसी दोन्ही टाकून द्यायचा. मॉडेमचे दिवे लुकलुकतायत, लाइन सुरू आहे, आणि पडद्यावर मात्र ‘उत्तर नाही’.

उपाय उलटाच होता. ज्या चूक-दुरुस्तीसाठी जास्तीचे पैसे मोजले, तीच बंद करायची, डेटा दाबून बसवण्याची सोयही बंद करायची, आणि खरखरीतून आलेला कचरा मॉडबसच्या सीआरसीने, म्हणजे संदेशाच्या शेवटी येणाऱ्या तपासणीच्या आकड्याने, पकडावा म्हणायचं. दुसरी अडचण बिटांची. नियमाप्रमाणे आरटीयूचं अक्षर ११ बिटांचं, आणि बाजारातले बहुतेक मॉडेम १० बिटांचे. म्हणून पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) काढून एकच स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) ठेवायचा, म्हणजे नियमालाच बगल द्यायची.

आस्की पद्धतीत यातलं काहीच करावं लागत नव्हतं. संदेश विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होतो आणि ओळ संपल्याच्या खुणेने संपतो. मधे सेकंदभर थांबलं तरी चालतं. अक्षर मुळातच १० बिटांचं. तरी तिला नाव ठेवलं गेलं ‘हळू’. हिशेबच मांडू. दहा रजिस्टरं (पीएलसीतले आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला आरटीयूत प्रश्न ८ बाइटचा आणि उत्तर २५ चं, एकूण ३३. आस्कीत १७ आणि ५१, एकूण ६८. १२०० बॉडला फरक पडतो साधारण ०.३ सेकंदाचा. नंबर फिरवून, पलीकडची घंटी वाजून, दोन्ही मॉडेमचं एकमेकांत किंचाळून जमेपर्यंत अर्धा मिनिट सहज जायचा. हे ०.३ सेकंद वाचवायला लोकांनी दिवसच्या दिवस घालवले. माझेही गेलेत, म्हणून इथे मी तटस्थ नाही.

आपल्याकडे त्यात टेलिफोनची भर. मॉडेम परदेशी डायल टोन ओळखणारा, आपला टोन ऐकून ‘टोन नाही’ म्हणून गप्प बसायचा. मग टोनची वाट न पाहता ‘एटीएक्स३डीपी’ म्हणून पल्सने नंबर फिरवायचा. एका नगरपालिकेच्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) पीएलसीकडचा मॉडेम बसवताना तो आधी लॅपटॉपला जोडून शिकवावा लागला, कारण पीएलसी स्वतः आज्ञा देणार नव्हता: पहिल्या घंटीला उचल, आलेलं परत ऐकवू नकोस, ‘रिंग’, ‘कनेक्ट’ असं काही बोलू नकोस, आणि हे सगळं लक्षात ठेव. चौथी गोष्ट करायची राहिली. रात्री वीज गेली, आली, आणि मॉडेम कोरी पाटी घेऊन बसला. पुढचे दोन दिवस पंप ऑपरेटर पूर्वीसारखाच त्याच लाइनवरून फोन करून टाकीची पातळी तोंडी सांगत होता. पावसाळ्यात तर विजेच्या लोळाने आधी मॉडेम जायचा, मग पीएलसीचं पोर्ट.

सुरक्षेचा मुद्दा तेव्हा कुणाच्या गावी नव्हता. पहिल्या घंटीला उचलणारा मॉडेम कुणाचाही फोन उचलतो आणि मॉडबस पासवर्ड विचारत नाही. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरला एका किशोरवयीन मुलाने मॉडेमवरून टेलिफोन कंपनीच्या उपकरणात शिरून विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचा फोन सहा तास बंद पाडला. त्यानंतरही ‘नंबर कुणाला माहीत नाही’ हेच कित्येक ठिकाणी कुलूप होतं.

आता तांब्याच्या तारा जाऊन फायबर येतोय. आवाज पाकिटांतून जायला लागला की मॉडेमचे सूर नीट पोचत नाहीत. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय आणि तिथल्या टेलिमेट्रीवाल्यांची (दुरून मोजमापं घेणाऱ्यांची) धावपळ त्यामुळेच आहे. आपल्याकडे बहुतेकांनी सिम कार्डाचा राउटर लावला. पण नुसता राउटर बदलून आरटीयूचे बाइट तसेच मोबाइल डेटावरून सोडले, तर तेच जुनं दुखणं परत येतं. खंड आता शेकडो मिलिसेकंदांचे. इंटरनेटसारख्या जाळ्यासाठीच्या १९९९ च्या मॉडबस टीसीपीत संदेशाची लांबी सुरुवातीलाच लिहिलेली असते, शांततेवरून काही ओळखायचं नसतं. गेटवेच्या, म्हणजे या दोन पद्धतींमधल्या दुभाषी डब्याच्या पलीकडे, पंपाच्या पॅनलमधल्या दोन तारांवर मात्र अजून साडेतीन अक्षरं थांबावंच लागतं.